ढगाच्या आधी काय ठेवायचं?

चित्रपटातल्या दोन शॉटमधला जोड नेमका कुठं असतो? फिल्मच्या काळात तो बोटानं दाखवता येत असे. सेकंदाला चोवीस चौकटी धावणारी पट्टी एका चौकटीशी कापायची, दुसऱ्या पट्टीचं टोक तिला सिमेंटनं किंवा पारदर्शक टेपनं चिकटवायचं, झाला जोड. आता मोबाइलच्या पडद्यावर कापताना तो एका उभ्या रेघेनं दिसतो. पण प्रेक्षकाला ना टेप दिसते ना रेघ. त्याला दिसतो एक माणूस, मग एक ढग, आणि त्या दोन चित्रांत नसलेली तिसरी गोष्ट त्याला समजते. जोड तिथं, त्या समजण्यात पुरा होतो असं माझं म्हणणं आहे. पाहणाऱ्याला जगाची जी ओळख असते तीच दोन तुकड्यांना धरून ठेवते, म्हणून कुठं कापायचं हे ठरवण्याआधी कोणासाठी कापतो आहोत हे ठरवावं लागतं. याला विरोध आहे, आणि तो जोरकस आहे. त्याला पुरता वाव मिळावा म्हणून हा लेख दोघांच्या तोंडी घातला आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या महागाव तालुक्यात फुलसावंगी आहे. तिथं लग्नाची शूटिंग करणारे एक मामा आणि पुण्यात संकलन शिकणारी त्यांची भाची अशी दोन माणसं मी कल्पिली आहेत. मामा कात्रीच्या विरोधात आहेत. भाचीची बाजू बहुतेक माझीच आहे, पण प्रत्येक ठिकाणी ती जिंकत नाही.

मामा : पोरी, तुझं ते कापणं-जोडणं मला काहून पटत नाही ते आधी ऐक. मांडवात जे घडलं ते घडलं तसं दिसावं, एवढंच लोक मागतात. कोण आलं, कोण कुठं बसलं, कोणाला अहेर झाला, सगळं. अन् आता मोबाइलवर पाहा. भाषणातलं अर्धं वाक्य कापून फिरवतात, भांडणाचा मधलाच तुकडा दाखवतात, अन् गाव पेटायची वेळ येते. शहाणा माणूस मंग पहिला प्रश्न विचारतो की पूर्ण व्हिडिओ कुठं आहे? म्हणजे लबाडी कात्रीत असते हे लोकांना न शिकवता कळलंय. सलग चित्रणात कॅमेरा साक्षीदार असतो. जोड आला की साक्षीदार गेला अन् वकील उभा राहिला.

भाची : मामाजी, तुमची तक्रार खरी आहे, पण आरोपी चुकला आहे. त्या भांडणाच्या व्हिडिओत जोड असतो का? पुष्कळदा एकही नसतो. चाळीस सेकंदांचा सलग तुकडा असतो, फक्त पहिली चापट बसून गेल्यावर सुरू झालेला आणि समोरच्यानं हात जोडायच्या आत थांबलेला. लबाडी झाली ती सुरुवात आणि शेवट निवडताना. उलट तो सलग दिसतो म्हणूनच लोकांचा विश्वास बसतो. कात्री लावलेला तुकडा निदान अडखळतो आणि शंका तरी येते. शिवाय कॅमेऱ्याला चौकट आहे. तुम्ही मांडवात पूर्वेकडे तोंड करून उभे राहिलात तेव्हा पश्चिमेकडचं सगळं न कापताच कापलं गेलं. आणि काही खऱ्या गोष्टी तर सलग पाहून दिसतच नाहीत. १९१२ साली दादासाहेब फाळक्यांना पैसे घालणाऱ्यांना पटवायचं होतं की चित्रपट काढणं आपल्याला जमेल. त्यांनी वाटाण्याचं रोप कॅमेऱ्यासमोर ठेवलं आणि थोडा थोडा वेळ जाऊ देत एकेक चौकट टिपली. पडद्यावर रोप डोळ्यांदेखत वाढलं. त्या पट्टीतल्या दर दोन चौकटींच्या मध्ये मोठा काळ गाळलेला होता. ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ च्या मे महिन्यात मुंबईच्या कोरोनेशनमध्ये लागला, पण त्यामागची हिंमत या गाळलेल्या काळातून आली. यात खोटं काय आहे? शेतकरी रोज शेतात जातो, त्यालाही कपाशी वाढताना दिसत नाही, वाढलेली दिसते.

मामा : रोपाचं ठीक आहे. रोप कोणाची फसवणूक करत नाही. माणसाचं बोल.

भाची : माणसाचं बोलायचं तर तुमच्याच मंगलाष्टकांचं बोलू. तुम्ही म्हणता मी कापत नाही. पण एकाच कॅमेऱ्यावर काम करताना तुम्ही बटण दाबून थांबता, दोन पावलं सरकता आणि परत सुरू करता. तो जोडच आहे, फक्त जागेवर केलेला. ‘सावधान’ म्हटलं की तुम्ही अक्षता पडताना दाखवता आणि मग नवरीच्या आईकडे जाता. ती त्याच क्षणी डोळे पुसत होती की अर्ध्या मिनिटानं, हे पाहणारा विचारत नाही. आणि बँड! वाजंत्रीचा आवाज तुम्ही शेवटपर्यंत अखंड ठेवता आणि त्याच्यावर चित्रं बदलता. आमच्याकडे हा पहिल्या वर्गातला धडा आहे. कान सलग चालत असेल तर डोळ्याला उडी जाणवत नाही. कधी पुढच्या प्रसंगाचा आवाज आधी आणायचा आणि चित्र मागून आणायचं, कधी चित्र बदलल्यावरही आधीचा आवाज थोडा रेंगाळू द्यायचा. एसटीचा हॉर्न ऐकू आला की पाहणारा मनानं आधीच स्टँडवर पोचतो, चित्र फक्त त्याच्या मागोमाग जातं.

इथं थोडं थांबून अंतरपाटाकडे पाहायला हवं, कारण शॉट जोडण्याची बरीचशी बाराखडी त्या एका वस्त्राभोवती शिकता येते. नवरा आणि नवरी समोरासमोर उभे आहेत. त्या दोघांना जोडणारी एक रेघ अंतरपाटाला छेदून जाते असं समजा. कॅमेरा त्या रेघेच्या एकाच अंगाला राहिला, तर नवरा कायम उजवीकडे पाहतो आणि नवरी डावीकडे. त्यांचे चेहरे पाठोपाठ जोडले की ते एकमेकांकडे पाहत आहेत हे न सांगता समजतं, मग ते चेहरे वेगवेगळ्या वेळी टिपलेले असले तरी चालतं. एक चेहरा टिपताना कॅमेरा रेघ ओलांडून पलीकडे गेला की दोघंही एकाच दिशेला पाहू लागतात आणि समोरासमोर उभी असलेली माणसं पडद्यावर एकाच रांगेतली होऊन बसतात. याला १८० अंशांचा नियम म्हणतात. दुसरी गोष्ट हालचालीची. अंतरपाट खाली येऊ लागतो तो लांबून दाखवायचा आणि अर्ध्यावर आला की जवळच्या शॉटमध्ये जायचं, तिथं तो उरलेलं अर्धं अंतर उतरतो. डोळा त्या वस्त्राच्या मागे धावत असतो, जोडाकडे बघायला त्याला सवड नसते. हालचाल संपल्यावर कापलं तर तोच जोड खटकतो. तिसरी गोष्ट कोनाची. त्याच चेहऱ्याचा जवळपास त्याच जागेवरून घेतलेला दुसरा शॉट जोडला तर चित्राला हिसका बसतो, म्हणून कॅमेरा निदान तीस अंशांनी तरी सरकवतात. एक चित्र विरत दुसरं उमटणं किंवा पडदा काळा होत जाणं या खुणा काळ गेला हे सांगण्यासाठी रूढ झाल्या. आता त्यांची गरज कमी पडते, कारण प्रेक्षक साध्या कटमध्येही वर्ष ओलांडायला शिकला आहे. या सगळ्याला नियम म्हटलं जात असलं तरी ते मोडता येतात, आणि मोडल्यावर काय समजेल याची खात्री असली तर जरूर मोडावेत. फ्रेंच दिग्दर्शक गोदारनं १९६० च्या ‘ब्रेथलेस’मध्ये हिसके मुद्दाम ठेवले आणि त्या चित्रपटाची अस्वस्थ चाल त्यांच्यातूनच आली.

मामा : तू बारकावे चांगले सांगितलेस, अन् बटण थांबवतो तेव्हा जोड होतो हेही मी मानतो. पण माझा मुद्दा तसाच राहिला. ‘फँड्री’ आठव. नागराज मंजुळेंचा, २०१३ चा. मारलेलं डुक्कर काठीला बांधून त्यातल्या पोराचं, जब्याचं, घर वाहून नेतं, अन् मागं शाळेच्या भिंतीवर महापुरुषांची चित्रं आहेत. बाबासाहेब आहेत, गाडगेबाबा आहेत. आधी डुक्कर, मंग वेगळ्या शॉटमध्ये भिंत, असं जोडलं असतं तर मी म्हणालो असतो की हे दिग्दर्शकाचं मत आहे, त्यानं आणून चिकटवलं. पण ती माणसं अन् ती भिंत एकाच चौकटीत आहेत. ते नाकारता येत नाही. शाळेची भिंत अन् डुक्कर वाहणारं पोरगं एकाच गावात, एकाच उन्हात आहे. तिथं कात्री घातली असती तर तो प्रसंग मेला असता.

भाची : मेला असता. याला माझ्याकडे उत्तर नाही, कारण तुम्ही बरोबर आहात. फ्रेंच समीक्षक आंद्रे बाझाँ यांनी १९५० च्या दशकात हेच तत्त्व मांडलं. प्रसंगाचा सगळा जीव दोन गोष्टी एकाच वेळी, एकाच जागी असण्यात असेल, तर तिथं जोडाला मनाई. शिकारी आणि सावज एकदा तरी एका चौकटीत दिसलेच पाहिजेत. मी यातून एवढंच घेते की न कापणं हादेखील संकलनाचा निर्णय असतो. पण ‘फँड्री’चा शेवटही आठवा. जब्या दगड भिरकावतो, दगड थेट आपल्याकडे येतो आणि चित्रपट तिथंच तुटतो. दगड कोणाला लागला ते दाखवलेलं नाही. दाखवलं असतं तर तो त्या गावातल्या एका टवाळाला लागला असता. कापल्यामुळे तो खुर्चीत बसलेल्याला लागतो. भिंत न कापता खरी ठरली आणि दगड कापल्यामुळे.

मामा : मंग ‘कोर्ट’ घे. चैतन्य ताम्हाणेचा. आपल्या नागपूरच्या वीरा साथीदारांनी त्यात खटला चाललेल्या शाहिराचं काम केलं. कॅमेरा लांब ठेवलाय, हलत नाही. सुनावणी कंटाळवाणी आहे तर आपल्यालाही तेवढंच ताटकळावं लागतं. तारीख पडणं म्हणजे काय ते त्या न कापण्यातूनच कळतं.

भाची : कळतं. पण त्यातला सगळ्यात कठोर घाव जोडाचाच आहे. उन्हाळी सुटीसाठी न्यायालय बंद होतं, खोलीतले दिवे मालवले जातात, पडदा काळा होतो आणि बराच वेळ काळाच राहतो. संपला चित्रपट, असं वाटून माणसं उठायच्या बेतात असतात. मग एकदम न्यायाधीश आपल्या लोकांबरोबर सहलीला निघालेले दिसतात. शाहीर तुरुंगात आहे हे कोणी बोलत नाही, ते चित्रात कुठंच नाही. काळ्या पडद्याला सहल जोडली आहे, बस. तो अर्थ त्या दोन्हींपैकी एकातही नाही. तो आपण घातला, कारण आपल्याला माहीत आहे की न्यायालयाला सुटी लागली की आतल्या माणसाचे दिवस थांबत नाहीत.

आता वाद ज्या ठिकाणी न्यायचा आहे त्या ठिकाणी तो आला आहे. १९२० च्या आसपास रशियात दिग्दर्शक लेव्ह कुलेशॉव्हनं मोझुखिन या नटाचा एकच भावशून्य चेहरा घेतला आणि त्याला वेगवेगळी चित्रं जोडली. सुपाची ताटली, शवपेटीतलं प्रेत, खेळणारी मुलगी. कुलेशॉव्हच्या शिष्यानं, पुदोव्हकिननं, लिहून ठेवलं आहे की पाहणाऱ्यांना त्या एकाच चेहऱ्यावर कधी विचारमग्नता दिसली, कधी शोक, कधी आनंदाचं हसू. संकलनाच्या प्रत्येक वर्गात ही गोष्ट सांगितली जाते आणि बहुतेक वेळा तिथंच सोडली जाते. ती फुलसावंगीच्या काळ्या रानात आणून पाहिली तर पुढे जाते. एका शेतकऱ्याचा वर पाहणारा चेहरा घ्या आणि त्याला दाटून आलेला काळा ढग जोडा. शेतकरी आनंदात आहे की धास्तीत? या दोन शॉटवरून सांगता येणार नाही. त्यांच्या आधी कोरडी, भेगाळलेली जमीन आणि तिच्यात नुकतंच टोबलेलं सरकीचं बी ठेवा. महिना जूनचा आहे आणि तो ढग म्हणजे जीवदान आहे. जमिनीच्या जागी फुटलेलं बोंड ठेवा. आता महिना नोव्हेंबरचा आहे आणि तोच ढग वेचणीला आलेला कापूस भिजवून त्याचा भाव पाडणार आहे. चेहरा तोच आहे आणि ढगही तोच आहे. पण बोंड पाहून काळजात धस्स व्हायला पाहणाऱ्याला हे ठाऊक असावं लागतं की फुटलेल्या बोंडावर पाऊस नको असतो. फुलसावंगीत हे शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. कापूस फक्त दुकानात पाहिलेल्या माणसाला तिन्ही शॉट सुंदर दिसतील आणि तिन्ही सुटे राहतील.

मामा : थांब. त्या रशियन प्रयोगाची मूळ फिल्म आज आहे का? नसेल तर एका माणसाच्या सांगण्यावर एवढी इमारत काहून उभी करतेस?

भाची : मूळ फिल्म हाती नाही, आणि शंका तुमच्या एकट्याची नाही. स्टीफन प्रिन्स आणि वेन हेन्सली यांनी तो प्रयोग नव्यानं करून पाहिला आणि १९९२ साली लिहिलं की त्यांना तसा परिणाम दिसला नाही. पुढे २०१६ साली दुसऱ्या संशोधकांनी अधिक काळजीपूर्वक मांडणी करून तो परिणाम काही प्रमाणात दिसतो असं दाखवलं. मला या दोन्ही निष्कर्षांत भांडण दिसत नाही. जोड हे यंत्र असतं तर प्रत्येक वेळी प्रत्येकावर सारखं चाललं असतं. ते पाहणाऱ्याच्या ओळखीवर चालतं, म्हणून कधी चालतं आणि कधी नाही. आणि याला त्याहून चांगला पुरावा आहे. तुर्कस्तानातल्या डोंगराळ गावांत, ज्यांनी आयुष्यात चित्रपट किंवा दूरदर्शन पाहिलं नव्हतं अशा मोठ्या वयाच्या माणसांना श्वान आणि इल्दिरार या संशोधकांनी छोटे चित्रपट दाखवले. तो अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. जोड नैसर्गिक नजरेच्या किती जवळ आहे यापेक्षा पडद्यावरचं काम ओळखीचं आहे का, यावर त्यांचं समजणं जास्त अवलंबून होतं. रोजच्या कामाची साखळी दिसली की जोड त्यांना अडवत नव्हते. ज्यानं कधी सिनेमा पाहिला नाही तोही कट ओलांडतो, पलीकडचा काठ त्याच्या पायाखालचा असला म्हणजे.

मामा : हे मान्य केलं तर तुझंच नुकसान आहे. मंग फुलसावंगीचा चित्रपट फुलसावंगीतच कळणार. पुण्या-मुंबईचा माणूस ते बोंड पाहून ढिम्म बसणार. जोड जर ओळखीवर चालतो, तर दूरच्या माणसासाठी कापायचं कसं? प्रत्येक ठिकाणी पाटी लावशील?

हा आक्षेप सगळ्यात अवघड आहे आणि त्याला झटपट उत्तर देणं गैर ठरेल. पाटी हे उत्तर नाही. निवेदकाचा आवाज घालून ‘अवकाळी पावसानं कापसाचं नुकसान होतं’ असं सांगणं ही संकलनाची हारच आहे. माझं उत्तर असं की चित्रपट आपल्याला लागणारी ओळख स्वतःच पेरू शकतो, त्यासाठी त्याला आधी पुरेसा वेळ द्यावा लागतो. विदर्भात कापसाची पहिली वेच करण्याआधी शेतात सीतादही करतात, दह्या-भाताचा नैवेद्य दाखवतात. तो प्रसंग घाई न करता, मामांच्या पद्धतीनं, सलग दाखवावा. घरच्या बाईचे हात, रानातलं पांढरं फुटलेलं पीक, वेचून घेतलेला पहिला कापूस. ते पीक त्या घराला काय आहे हे परक्या माणसालाही तिथं उमगतं. मग ओल्या कापसाचं एखादं बोचकं, ते हातात घेऊन दाबून पाहणारा व्यापारी आणि त्याचं हलणारं डोकं. एवढं पेरलं की पुढे ढग येतो तेव्हा पुण्याच्या प्रेक्षकाचाही श्वास अडकतो. या हिशेबात सलग शॉट आणि जोड एकमेकांचे वैरी राहत नाहीत. सलग शॉट ओळख करून देतो आणि जोड ती ओळख वापरतो. ‘सैराट’चा शेवट इतका जिव्हारी लागतो तो याच कारणानं. नायिका आर्ची माहेरच्या माणसांना चहा देते, मूल शेजारणीकडे असतं, आणि हत्या पडद्यावर येतच नाही. मूल परत येतं, आवाज गेलेला असतो, आणि मग ती लहान रक्ताळलेली पावलं. त्या गाळलेल्या वेळात काय झालं ते प्रेक्षकाला सांगावं लागत नाही. ते घर आणि ती माणसं याआधीच्या दोन-अडीच तासांत त्याची झालेली असतात.

वॉल्टर मर्च या अमेरिकन संकलकानं कुठं कापावं याची कसोटी लिहिताना भावनेला एक्कावन्न टक्के दिले आणि जागेच्या भौमितिक अचूकपणाला सगळ्यात शेवटी चार. ते आकडे त्याच्या अनुभवाचे आहेत, मोजून काढलेले नाहीत, पण उतरंड मला बरोबर वाटते. जीन हॅकमन नायक असलेला १९७४ चा ‘द कॉन्व्हर्सेशन’ कापताना त्याच्या लक्षात आलं की तो जिथं कापायचं ठरवतो, त्याच्या अगदी जवळ हॅकमन पापणी मिटतो. माणूस एक विचार संपवतो तेव्हा डोळा मिटतो, असा त्यानं अर्थ लावला. मला यात एक भर घालावीशी वाटते. पडद्यावरच्या माणसाइतकंच पाहणाऱ्याच्या पापणीकडेही लक्ष हवं. त्याचा विचार पुरा व्हायच्या आत कापलं तर तो मागे राहतो, आणि पुरा होऊन गेल्यावरही रेंगाळलं तर तो पुढे निघून जातो. फुलसावंगीतल्या माणसाचा बोंडावरचा विचार दीड सेकंदात पुरा होईल. दूरच्या माणसाला चार लागतील. या दोन आकड्यांमध्ये कुठं कापायचं हे संकलकाला ठरवावंच लागतं, आणि कोणाला ताटकळत ठेवायचं हेही त्याच वेळी ठरतं.

मामा : मी असतो तर कोणालाच ताटकळत ठेवलं नसतं. कापलंच नसतं. कॅमेरा बोंडावर लावला असता, हळूच वर नेला असता, मध्ये माणूस अन् त्याच्यावर ढग. तिन्ही एका दमात.

भाची : तसा शॉट मिळाला तर मी त्याला हात लावणार नाही. पण मामाजी, त्याकरता फुटलेला कापूस उभा असताना ढग यायची वाट पाहावी लागेल. कॅमेरा लावून त्या रानात तुम्ही कशाची वाट बघत उभे राहाल?

मामा : नको बाप्पा. तो ढग जूनमध्येच घे. अन् जोड.